बिननावाची खोकी

रात्री साडेतीनला फोन.
दालविकच्या मासळी कारखान्यातून बोझेना,
मागे पट्ट्याचा खडखडाट:
"तुझा काटा वजन सांगतो, नाव सांगत नाही.
कॉडची खोकी ठीक. ईसाची एकशे ऐंशी गेली,
सगळी बिननावाची."
मी बूट शोधले. बाहेर बर्फ आडवा येत होता.

चूक कुठली ते रस्त्यातच कळलं.
नाव कोरं आलं तर काटा ओरडतो का,
एवढंच बघायचं होतं दुपारी.
म्हणून 'ईसा'च्या पहिल्या अक्षरावर शून्य ठेवलं.
आमच्या लिपीत तीन अक्षरं, चौथं घर शून्याचं;
ते शेवटी बसतं म्हणून शब्द कुठे संपला ते कळतं.
मी ते उंबऱ्यातच आणून बसवलं.

कंपायलरने अडवलं होतं.
हे कॉन्स्ट आहे म्हणाला, बघ, हात लावू नकोस.
मी एक कास्ट टाकला आणि तो गप्प झाला.
गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे,
दोनदा लग्न मोडलेल्या माणसाला
एवढं तरी कळायला हवं होतं.

टेबलावरच्या मशीनवर चालवलं असतं
तर तिथल्या तिथे कोसळलं असतं. उपकार झाले असते.
काट्याच्या बोर्डावर पहारा नाही.
तिथे काळ्या दगडावरची रेघ बोटाने पुसता येते
आणि दगड हूं की चूं करत नाही.
त्यात कंपायलर काटकसरी:
'ईसा' माझ्या चाचणीत एकदा, लेबलांच्या यादीत एकदा,
त्याने दोघांची एकाच खोलीत सोय केली.
मी माझं म्हणून पुसलं.

सकाळी स्टेन्व्योर आली, आमच्यातली सगळ्यात जुनी.
कोट न काढताच पडद्यापुढे बसली.
"उजवीकडून डावीकडे वाच.
कॉन्स्ट ताऱ्याच्या उजवीकडे असेल तर बोट बांधलेलं,
डावीकडे असेल तर बोट मोकळं, फिरव हवं तिकडे,
पण बोटाखालचं अक्षर तुझं नाही.
बोट दाखवलं म्हणून सातबारा नावावर होत नाही."
(सातबारा मी घातला. ती म्हणाली होती
कुंपण, मेंढ्या आणि शेजाऱ्याचं कुरण.)

"बदलायचंय? मग आपल्या घरात नक्कल उतरव.
जागा मोजून. शून्याचं घर धरून.
मग खुशाल खाडाखोड कर."
आणि खाली सरकत, थांबून:
"हे काय? फंक्शनमधल्या अ‍ॅरेचा पत्ता बाहेर देतोस?
तंबू उठला, आणि तू पाहुणे पाठवतोयस."
तो दोष अजून कुणाला भोवला नव्हता.
मला त्याचीच जास्त लाज वाटली.

दुपारी कारखान्यात गेलो, नवा प्रोग्रॅम घेऊन.
बोझेना अजून तिथेच, मार्कर हातात,
परत आलेल्या खोक्यांवर एकेक नाव लिहीत होती.
पहिल्या अक्षरावरची तिरकी रेघ
दर खोक्यावर नीट, न चुकता.

तिच्या छातीवरचा बिल्ला बघितला तेव्हा.
तोही आमच्याच यंत्राने छापलेला, तीन वर्षांपूर्वी.
तिच्या नावात एका अक्षरावर टिंब आहे,
आमच्या तक्त्यात ते अक्षर नव्हतं,
म्हणून मी टिंब उडवून साधं अक्षर ठेवलं होतं.
तिथे कंपायलर बोलला नव्हता.
तीही बोलली नव्हती.

मी म्हटलं, मार्कर देतेस?
ती म्हणाली, "थांब, अजून चौतीस खोकी आहेत."